तळटीप वाचा



आपण दादरमध्ये बसलो आहोत. हिंदू कॉलनीतलं राजगृह इथून पायी जाण्याइतकं जवळ आहे. ते घर बांधणाऱ्या बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बजावलं होतं, राजकारणातली विभूतिपूजा हुकूमशाहीकडे नेते. २६ वर्षांनी आणीबाणी आली. लेखिका दुर्गाबाई भागवतांना अटक झाली, त्याही याच मुंबईच्या.

मग ४२वी घटनादुरुस्ती झाली. लोकसभेची मुदत पाचाची सहा वर्षं झाली आणि घटनादुरुस्तीला न्यायालयात आव्हान देण्याची वाटच बंद केली गेली. १९७७च्या निवडणुकीत जनता पक्षानं वचन दिलं की ही दुरुस्ती आम्ही रद्द करू. मुंबईनं त्या वर्षी सत्तेविरुद्ध कौल दिला. मुंबई उत्तर-मध्यमधून अहिल्याताई रांगणेकर निवडून आल्या.

मोडलेलं संविधान आम्ही पूर्ववत करू, हे आश्वासन जगभर दिलं जातं. अमेरिकेत बराक ओबामांनी ते दिलं होतं. अध्यक्ष होताच, २२ जानेवारी २००९ रोजी, त्यांनी खटल्याविना माणसं डांबून ठेवलेला ग्वांटानामोचा तुरुंग वर्षभरात बंद करण्याच्या आदेशावर सही केली. त्यांची आठ वर्षं संपली, तरी तुरुंग चालूच राहिला. एका माणसाच्या सहीवर असं वचन तगत नाही.

आपल्याकडे काय झालं, ते पाहायला घटनेची प्रत उघडा. कलम ३५२ काढा. युद्ध, परकीय आक्रमण किंवा 'सशस्त्र बंड' असेल तरच आणीबाणी. त्या दोन शब्दांवर बारीक आकडा आहे आणि पानाच्या तळाशी टीप: ४४व्या दुरुस्तीनं 'अंतर्गत अशांतता' याऐवजी घातले, २० जून १९७९ पासून. ज्या सैल शब्दांच्या आधारावर हजारो माणसं तुरुंगात गेली, ते शब्द तिथून निघाले. आणीबाणीतही जीविताचा हक्क स्थगित करता येणार नाही, हेही त्याच दुरुस्तीत आलं. मला ही तळटीप फार मोलाची वाटते. सत्तेवर आलेल्या जनता पक्षानं स्वतःच्याच हातातलं हत्यार बोथट केल्याचा तो पुरावा आहे.

पण वचन पुरतं पाळलं गेलं नाही, हेही सांगितलं पाहिजे. राज्यसभेत काँग्रेसचं बहुमत होतं. तिथं काही कलमं पडली. न्यायालयाची बंद केलेली वाट अखेर १९८०मध्ये मिनर्व्हा मिल्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं मोकळी केली. युक्तिवाद मुंबईच्या नानी पालखीवालांचा होता. निकाल देणाऱ्या पीठावर सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड होते, आणीबाणीत अटकेतल्या नागरिकांना न्यायालयाचं दार बंद ठेवणाऱ्या निकालाच्या बहुमतातले एक. माणसं चुकतात आणि सुधारतातही.

या सगळ्यात मला मधू लिमये सर्वांत जवळचे वाटतात. १९७६मध्ये लोकसभेची पाच वर्षं संपली आणि मुदत वाढवली गेली, तेव्हा तुरुंगात असलेल्या मधूभाऊंनी खासदारकीचा राजीनामा दिला. लोकांनी पाच वर्षांसाठी निवडून दिलंय, पुढचा एक दिवसही माझा नाही, ही त्यांची भूमिका.

उद्या लालबागच्या चाळीत, परळच्या नाक्यावर, गिरगावच्या वाडीत कुणी उमेदवार संविधान वाचवण्याचं वचन घेऊन येईल. त्याला चहा द्या, बसवा आणि दोनच गोष्टी विचारा. कोणतं कलम बदलणार? आणि निवडून आल्यावर स्वतःचा कोणता अधिकार सोडणार?