तबकडीपलीकडचें रॉक संगीत

श्रोतेहो, ज्या माणसाचें सारें आयुष्य ख्याल, ठुमरी आणि नाट्यपदें ऐकण्यांत गेलें, त्यानें पाश्चात्त्य तरुणांच्या रॉक संगीताविषयीं बोलावें, हें आपणांपैकीं अनेकांना चमत्कारिक वाटेल. मलाही तें तसें वाटतें. परंतु या संगीताचा जाणकार म्हणून मी आज आपल्यापुढें आलेलों नाहीं. त्याच्यावर एकदां अन्याय केलेला एक श्रोता म्हणून आलों आहें. आपल्या हातून झालेली चूक उघडपणें सांगितली, तर तीपासून दुसऱ्याचा कांहीं लाभ होण्याचा संभव असतो, एवढाच माझा हेतु.

गोष्ट १९८६ सालची. माझा मुलगा त्या वेळीं महाविद्यालयांत शिकत होता. मित्राकडून आणलेल्या कांहीं कॅसेट लावून तो अभ्यासाच्या खोलींत बसे. दि हू, लेड झेपलिन, डीप पर्पल हीं नांवें मला प्रथम कळलीं तीं तेव्हां. दोन-तीन गाणीं मीं ऐकलीं, म्हणजे जातां-येतां तीं माझ्या कानांवर पडलीं, आणि तेवढ्यावर मीं निकाल देऊन टाकला. "हा कसला गोंगाट? यांत ना राग, ना ताल. घरांत हें पुन्हां वाजतां कामा नये," असें मीं त्याला बजावलें. मुलगा आज्ञाधारक. त्यानें वाद घातला नाहीं, कॅसेट परत नेऊन दिल्या. मात्र त्या दिवसापासून गाण्याविषयीं तो माझ्यापाशीं एक अक्षर बोलला नाहीं. पूर्वी तो माझ्याबरोबर बैठकींना येत असे, तेंही हळूहळू थांबलें. घरांत शांतता नांदूं लागली. पण मला हवी होती ती शांतता ही नव्हे, हें कळावयास फार वर्षें लागलीं.

यांतली खरी लाजिरवाणी गोष्ट अशी कीं, ज्या चुकीपासून माझ्या वडिलांनीं मला लहानपणींच सावध केलें होतें, तीच मीं केली. आमच्या घरीं चावीचा ग्रामोफोन होता आणि खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या तबकड्या होत्या. प्रत्येक बाजू तीन-सवातीन मिनिटांची. तबकडी संपली म्हणजे वडील म्हणत, "हें खाँसाहेबांचें गाणें नव्हे, हा त्यांच्या गाण्याचा नुसता पत्ता. गाणें पाहिजे असेल त्यानें बैठकीला जावें." त्यांचें म्हणणें मला पटलें होतें. तें आपल्या संगीतापुरतेंच खरें आहे असें मात्र मीं कां मानलें, याचें उत्तर मजजवळ नाहीं.

२००९ च्या पावसाळ्यांत मुलगा रजेवर घरीं आला होता. एका रात्रीं मला झोप लागेना. त्याच्या खोलींतून बारीक आवाज येत होता, म्हणून मी दार लोटून आंत गेलों. मला पाहतांच तो यंत्र बंद करूं लागला. "राहूं दे. काय आहे हें?" मीं विचारलें. "अण्णा, हें लीड्सचें आहे. तुम्हांला नाहीं आवडणार." "तें मला ठरवूं दे," असें म्हणून मी खुर्चीवर बसलों. त्या रात्रीं जें ऐकलें, त्याविषयींच मला आज सांगावयाचें आहे.

बँड म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें लग्नाची वरात उभी राहते. येथें तो शब्द चार-पांच जणांच्या मंडळीसाठीं योजलेला असतो. दि हू ही अशीच चार इंग्रज तरुणांची मंडळी. रॉजर डॉल्ट्री गात, पीट टाउनशेंड गिटार वाजवीत, जॉन एन्टविसल यांच्याकडे खर्जाची गिटार व कीथ मून यांच्याकडे ढोल होते. त्यांचें 'माय जनरेशन' हें गाणें १९६५ सालीं निघालें. तबकडीवर तें सव्वातीन मिनिटांचें आहे. १४ फेब्रुवारी १९७० रोजीं लीड्स विद्यापीठाच्या भोजनगृहांत विद्यार्थ्यांपुढें त्यांनीं तेंच गाणें वाजविलें, तें सुमारें पंधरा मिनिटें चाललें. मूळ गाणें पहिल्या तीन मिनिटांत आटोपतें आणि मग खरी बैठक सुरू होते. एका जागीं गिटार एकटीच एक लहानसा बोल वाजवून थांबते. ढोल वाट पाहतात. पुन्हां तोच बोल, थोडा बदलून, आणि मग चौघेही एकदम एका क्षणीं त्यावर येऊन पडतात. समेवर येण्यापूर्वीं सबंध बैठकीचा श्वास कसा अडखळतो, हें ज्यानें अनुभविलें आहे, त्याला हा क्षण परका वाटणार नाहीं.

या ध्वनिमुद्रणाची तबकडी त्याच वर्षीं 'लाइव्ह ॲट लीड्स' या नांवानें निघाली. तिचें वेष्टन मुद्दाम साध्या तपकिरी कागदासारखें केलेलें होतें, कारण त्या काळीं चोरून केलेल्या ध्वनिमुद्रणांच्या तबकड्या तशाच वेष्टनांत विकल्या जात. ध्वनिमुद्रणांत मध्येंच खरखर ऐकूं येते, ती दोष समजून दुरुस्त करूं नये, अशी सूचनाही तबकडीच्या चिठीवर हातानें लिहिलेली आहे.

आतां कोणी विचारील, हें संगीत असें मोकळें कां होऊं शकतें? याचें उत्तर त्याच्या कुळांत आहे. रॉक संगीताचें मूळ अमेरिकेंतील कृष्णवर्णीय लोकांच्या ब्लूज गायनांत आहे. मिसिसिपीकडील कापसाच्या मुलखांतून हें गायन शिकागोसारख्या शहरांत आलें. तेथें मडी वॉटर्स यांच्यासारख्या गायकांनीं गिटारला विजेची जोड दिली, आणि त्यांच्या तबकड्या ऐकून इंग्लंडांतील तरुण शिकले. रोलिंग स्टोन्स या मंडळीनें तर आपलें नांवही वॉटर्स यांच्या एका गाण्यावरून घेतलें. ब्लूजचा सांगाडा बहुधा बारा आवर्तनांचा आणि तीन मुख्य स्वरसंघांचा असतो. सांगाडा सर्वांना ठाऊक, म्हणून वाजविणारा त्याच्या आंत वाटेल तितका हिंडून परत येऊं शकतो. चीज दोन ओळींची आणि गाणें तासाचें, असाच हा प्रकार.

दुसऱ्या रात्रीं मीं आपण होऊन मुलाला म्हटलें, "अजून कांहीं ऐकव." त्यानें ऑलमन ब्रदर्स या अमेरिकन मंडळीचें ध्वनिमुद्रण लावलें. तें न्यूयॉर्कच्या 'फिलमोर ईस्ट' या नाट्यगृहांत १९७१ च्या मार्च महिन्यांत झालेलें आहे. 'व्हिपिंग पोस्ट' हें त्यांचें गाणें १९६९ च्या पहिल्या तबकडीवर पांच मिनिटांहून थोडें अधिक आहे, फिलमोरमध्यें तें सुमारें तेवीस मिनिटें चाललें. त्याचा प्रारंभ अकरा मात्रांचा आहे : तीन, तीन, तीन आणि शेवटीं दोन. 'यांत ताल नाहीं' असा निकाल देणारा मी बोटांवर मात्रा मोजूं लागलों, आणि दोनदां चुकलों. आपल्या रुद्र तालाच्या मात्राही अकराच. मुलगा हंसला नाहीं, हा त्याचा मोठेपणा.

या मंडळीचे मुख्य गिटारवादक ड्वेन ऑलमन बोटांत औषधाची लहानशी कांचेची बाटली घालून ती तारांवरून सरकवीत. त्यामुळें त्यांच्या गिटारमधून मींड निघे. तें ध्वनिमुद्रण जुलैमध्यें प्रसिद्ध झालें आणि २९ ऑक्टोबर १९७१ रोजीं मोटारसायकलच्या अपघातांत ते वारले. वय अवघें चोवीस. त्यांची कीर्ति आज मुख्यतः त्या मार्च महिन्यांतील रात्रींवर उभी आहे.

रंगमंचावरील हें वैभव पहिल्यापासून मात्र नव्हतें. १५ ऑगस्ट १९६५ रोजीं न्यूयॉर्कच्या शे क्रीडांगणावर बीटल्स यांच्यापुढें सुमारें ५५,००० श्रोते जमले होते. त्यांच्या किंकाळ्यांत त्या वेळचे ध्वनिवर्धक बुडून गेले आणि वादकांना आपलेंच वाजविलेलें ऐकूं येईना. जेथें स्वतःला ऐकूं येत नाहीं, तेथें कलावंताची वाढ खुंटते. २९ ऑगस्ट १९६६ रोजीं सान फ्रान्सिस्को येथें त्यांनीं तिकीट लावून केलेला शेवटचा कार्यक्रम झाला. पुढें ध्वनिवर्धनाचें शास्त्र झपाट्यानें सुधारलें. १९७४ सालीं ग्रेटफुल डेड या मंडळीनें सुमारें ६०० कर्ण्यांची एक भिंतच वादकांच्या पाठीशीं उभी केली, म्हणजे श्रोत्यांना जें ऐकूं येई तेंच वादकांनाही ऐकूं येई. विजेचें यंत्र हें या संगीतांत वाद्याइतकेंच महत्त्वाचें आहे, हें येथें ध्यानांत येतें.

याच ग्रेटफुल डेडची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९६५ ते १९९५ या तीस वर्षांत त्यांनीं दोन हजारांहून अधिक कार्यक्रम केले, आणि काल वाजविलेला क्रम आज जसाच्या तसा वाजविला असें ते करीत नसत. श्रोत्यांना त्यांनीं ध्वनिमुद्रण करूं दिलें, इतकेंच नव्हे तर १९८४ पासून त्यासाठीं सभागृहांत वेगळी जागा राखली. अट एकच : तें विकावयाचें नाहीं, एकमेकांस द्यावयाचें. कॉर्नेल विद्यापीठांतील त्यांचा ८ मे १९७७ चा कार्यक्रम अशाच देवघेवींतून जगभर पसरला. पुढें अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनें राष्ट्रीय ठेवा म्हणून जतन करावयाच्या ध्वनिमुद्रणांच्या यादींत त्याचा समावेश केला. उस्तादांच्या बैठकी घरगुती यंत्रावर टिपून ठेवणारे रसिक आपल्याकडेही होऊन गेले. त्यांचे हे सातासमुद्रापलीकडचे सगेसोयरेच म्हणावयाचे.

या संगीताचा आपल्या प्रांताशीं अगदींच संबंध नाहीं असेंही नाहीं. १९७२ सालीं लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईस आले होते. येथील वादकांना बरोबर घेऊन त्यांनीं आपल्या दोन गाण्यांचें ध्वनिमुद्रण केलें. तें अधिकृतपणें प्रसिद्ध व्हावयास मात्र २०१५ साल उजाडलें. याच मुंबईभेटींत ते कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क' या नृत्यगृहांत वाजवूनही गेले. क्वीन या मंडळीचे गायक फ्रेडी मर्क्युरी यांचें मूळचें नांव फारोख बलसारा. ते पांचगणीच्या शाळेंत शिकले, आणि तेथेंच शाळासोबत्यांच्या मंडळींत पियानो वाजवूं लागले. १३ जुलै १९८५ रोजीं लंडनच्या वेंब्ली क्रीडांगणावर सुमारें ७२,००० लोकांपुढें क्वीननें वाजविलें तें वीस-एकवीस मिनिटेंच. पण तेवढ्या वेळांत मर्क्युरी यांनीं नुसत्या आवाजी सुरावटी फेंकून त्या साऱ्या समुदायाकडून त्या जशाच्या तशा म्हणवून घेतल्या. गुरूनें घ्यावें आणि शिष्यानें म्हणावें, तसें.

या संगीतांतील सर्वच कांहीं मला आवडतें असें मी म्हणणार नाहीं. कित्येकदां लांबण नुसतीच लांबण असते. एकट्या ढोलवादकाचीं पंधरा मिनिटें मला अजूनही जड जातात. आवाजाची हौसही महागांत पडते. टाउनशेंड यांच्या कानांना तिनें इजा केली, हें त्यांनीं स्वतः जाहीरपणें सांगितलें आहे. शिवाय रंगमंचावरील म्हणून विकलीं जाणारीं कांहीं ध्वनिमुद्रणें मागाहून स्टुडिओंत दुरुस्त केलेलीं असतात. तेव्हां निवड हवी. पण निवड ऐकल्यावर करावयाची असते, ऐकण्यापूर्वीं नव्हे.

ज्यांना ऐकावेंसें वाटेल, त्यांनीं एक गाणें घ्यावें. प्रथम त्याची तबकडी ऐकावी, म्हणजे चीज कळेल. मग त्याच गाण्याचा एखादा जाहीर कार्यक्रम ऐकावा, आणि नंतर तेंच गाणें वेगळ्या दिवशींचें. दोन रात्रींत काय बदललें हें कान शोधूं लागले, म्हणजे आपण त्या मैफलींत जाऊन बसलों असें समजावें. इंटरनेटमुळें हें आतां घरबसल्या करतां येतें. पूर्वीं यासाठीं माझ्या मुलाला मित्रांच्या दारीं जावें लागत असे, आणि घरीं आल्यावर माझे बोल ऐकावे लागत.

गेल्या हिवाळ्यांत तो माझ्याबरोबर पुन्हां एका बैठकीस आला. मधल्या वर्षांत त्याचेही केस पिकले आहेत. विलंबित ख्यालांत गायक एका स्वरावर थांबले, तबलजी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिला. मुलगा माझ्या कानाशीं लागून हळूच म्हणाला, "अण्णा, पुढें काय होणार, हें यांनाही ठाऊक नाहीं ना?" मीं मान हालविली.

श्रोतेहो, माझी वेळ संपत आली. मला मिळालेलीं हीं पंधरा मिनिटें, लीड्सच्या त्या गाण्याइतकींच. आपल्या घरीं एखाद्या खोलींतून असा अनोळखी आवाज येत असेल, तर तो बंद करा असें सांगण्यापूर्वीं एवढाच वेळ आंत जाऊन बसा. गाणें आवडलें नाहीं, तरी तेवढा वेळ आपल्या मुलाबरोबर गेला, हें कांहीं थोडें नव्हे.