भर दुपारचा शेरीफ

पडद्यावरील घोडदौड मराठी प्रेक्षकास नवी नाहीं. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनींतून पुढें आलेले मास्टर विठ्ठल यांस मूकपटांच्या काळीं लोक हिंदुस्थानचे डग्लस फेअरबँक्स म्हणत. त्यामुळें गुराखी, दरोडेखोर आणि पिस्तुलें यांनीं गजबजलेले अमेरिकेचे ‘वेस्टर्न’ चित्रपटही येथें परके वाटले नाहींत. मात्र त्यांतील उत्तम चित्रपटांत पिस्तुलापेक्षां माणसांची पारख अधिक आहे.

जॉन फोर्ड यांचा १९३९ सालचा ‘स्टेजकोच’ घ्या. एकाच घोडागाडींत गांवानें हांकून दिलेली स्त्री, दारुडा डॉक्टर आणि प्रतिष्ठित बँकवाला बसलेले असतात. वाटेंत तुरुंगांतून पळालेला रिंगो त्यांस मिळतो. प्रसंग पडतांच तो डॉक्टर शुद्धीवर येऊन एका प्रवासिनीचें बाळंतपण करतो, आणि चोर निघतो तो बँकवाला! रिंगोच्या भूमिकेनें जॉन वेन यांचें नांव सर्वतोमुखीं झालें. डॉक्टरच्या भूमिकेबद्दल टॉमस मिचेल यांस ऑस्कर पारितोषिक मिळालें.

परंतु मनास खरा चटका लावतो तो फ्रेड झिनेमन यांचा १९५२ सालचा ‘हाय नून’. गॅरी कूपर यांनीं रंगविलेला विल केन हा हॅडलीव्हिल गांवचा कायदारक्षक. त्याच दिवशीं विवाह करून, नोकरी सोडून तो निघालेला असतो. इतक्यांत वार्ता येते कीं, त्यानें पूर्वीं पकडून दिलेला फ्रँक मिलर दुपारीं बाराच्या गाडीनें सूड घेण्यास येत आहे. त्याचे तीन साथीदार स्टेशनावर आधींच येऊन बसले आहेत. केन दारोदार फिरतो. न्यायाधीश सामान बांधतो. एक मित्र पत्नीकरवीं ‘घरीं नाहींत’ असा निरोप देतो. प्रार्थनामंदिरांत त्याची स्तुति होते, पण उठत कोणीच नाहीं. घड्याळाचे कांटे पुढें सरकत राहतात. अखेर हिंसा निषिद्ध मानणारी त्याची नववधू, ग्रेस केली, तीच साह्यास येते. विजयानंतर केन आपला बिल्ला धुळींत टाकून गांव सोडतो.

ही कथा निव्वळ कल्पनेची नव्हती. पटकथाकार कार्ल फोरमन यांस १९५१ सालीं, कम्युनिस्टांच्या शोधास निघालेल्या अमेरिकन संसदीय समितीपुढें उभें राहावें लागलें. त्यांनीं सहकाऱ्यांचीं नांवें सांगितलीं नाहींत. पुढें त्यांस इंग्लंडास जावें लागलें. जॉन वेन यांस मात्र हा चित्रपट मुळींच रुचला नाहीं. त्यास उत्तर म्हणून हॉवर्ड हॉक्स यांनीं त्यांनाच घेऊन १९५९ सालीं ‘रिओ ब्राव्हो’ काढला. त्यांत शेरीफ मदत मागत नाहीं. तरी लंगडा म्हातारा आणि सुधारूं पाहणारा दारुडा त्याच्या पाठीशीं उभे राहतात.

आपल्याकडे १९७५ च्या ‘शोले’ मध्येंही हाच प्रश्न उभा राहतो. गब्बरच्या धाकानें गांव डगमगतें, तेव्हां ज्याचा मुलगा मारला गेला तो अंध इमामच गांवास धीर देतो.

रामगढ असो वा हॅडलीव्हिल, एकास पुढें करून घरांत बसण्याचा मोह सर्वत्र सारखाच आहे. केननें आपलें दार ठोठावलें असतें, तर आंतून काय उत्तर गेलें असतें? चित्रपट पाहून परततांना प्रत्येकानें एवढें स्वतःस विचारावें.