सर्पदंश : पहिला तास वाया घालवू नका
(पालक सभेत दिलेले भाषण)



आपली बरीच मुले सड्यावरून, पायवाटांनी चालत शाळेत येतात. सुटीत करवंदे, काजू गोळा करायला रानात हिंडतात. म्हणून आज निकालाऐवजी सापांविषयी बोलणार आहे.

आपल्या कोकणातले बहुतेक साप बिनविषारी आहेत. जिवावर बेतणारे मुख्यतः चार : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. नाग फणा काढतो. घोणस कुकरच्या शिट्टीसारखा फूत्कार टाकते. फुरसे जेमतेम हातभर. दगडाखाली बसते आणि वेटोळी घासून करकर आवाज करते. मण्यार काळी, पांढऱ्या पट्ट्यांची. ती रात्री घरात शिरून जमिनीवर झोपलेल्याला चावते. दंश इतका बारीक की पुष्कळदा जागही येत नाही. पुढे पोटात दुखते, पापण्या जड होतात आणि श्वास अडतो.

मुलांनो, साप दिसला तर थांबा आणि हळूहळू मागे सरा. दगड मारू नका. पाय पडला, हात लागला किंवा कोंडला गेला की साप चावतो. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी जिल्ह्यात सरकारने बक्षिसे देऊन लाखो फुरशी मारविली. तरी फुरसे आज आहेच. तेव्हा सावधपणा हाच उपाय. फटीत हात घालू नका. फजरच्या नमाजाला अंधारात निघताना बॅटरी घ्या. जमिनीवर झोपत असाल तर मच्छरदाणी चहूबाजूंनी खोचून घ्या.

आता पालकांशी बोलतो. माझ्या वर्गातल्या एका मुलाला काजूच्या बागेत फुरसे चावले. घरच्यांनी आधी त्याला उतारा करणाऱ्याकडे नेले. तीन तास गेले. पाय मांडीपर्यंत सुजला, हिरड्यांतून रक्त येऊ लागले, तेव्हा कुठे रुग्णालय आठवले. अल्लाहच्या कृपेने मुलगा वाचला. त्याचे वडील मला म्हणाले, "सर, त्या माणसाच्या हातून आधी चारजण बरे झाले होते हो."

बरे झाले असतील. पण त्यांना चावलेला साप बहुधा बिनविषारी असेल. कधी कधी विषारी सापही चावताना विष सोडत नाही. श्रेय मात्र उताऱ्याला मिळते आणि पुढच्या खऱ्या रुग्णाचा वेळ जातो. २००० ते २०१९ या काळात भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने दगावली, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यांतली बहुतेक खेड्यांतली होती.

दुआ जरूर करा, पण रुग्णालयाच्या वाटेवर करा. आधी उंट बांधावा, मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवण आपल्याला ठाऊक आहेच.

दंश झाल्यावर रुग्णाला धीर द्या आणि चालू देऊ नका. अंगठी, बांगड्या, पैंजण काढा. चावलेला हात किंवा पाय फळी लावून स्थिर ठेवा. दोरी करकचून आवळू नका, चिरा देऊ नका, विष तोंडाने ओढू नका. साप पकडायलाही जाऊ नका. घोड्यांच्या रक्तापासून बनविलेली प्रतिविषाची लस या चारही सापांच्या विषावर चालते. मुंबईच्या हाफकीनमध्येही ती तयार होते. मूल लहान म्हणून तिची मात्रा कमी करीत नाहीत, कारण साप लहानथोर पाहून विष सोडत नाही. ती रुग्णालयातच द्यावी लागते.

शेवटी एक गृहपाठ, पालकांसाठी. आपल्या गावाजवळच्या कोणत्या सरकारी रुग्णालयात ही लस असते, ते या आठवड्यात विचारून या. त्याचे नाव आणि रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक मुलाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा. पुढच्या सभेत मी ते पान पाहणार आहे.

खुदा हाफिज.