दोन वेळा सांगणारे घड्याळ
(महोत्सवी मेळाव्यात केलेले भाषण)



अशा मंगल प्रसंगी एका शिक्षकाने घड्याळावर बोलावे, हे काहींना पोरखेळासारखे वाटेल. परंतु आपल्या सभासदांची यादी चाळून पाहावी. डिचोली आणि पेडणे या दोन्ही तालुक्यांत, ज्या घरातला एकही माणूस दुबई-मस्कतला, कुवेतला किंवा बोटीवर गेला नाही, असे घर आपल्यांत विरळाच. अशा घरांत दोन वेळा नांदतात, एक इथली आणि एक तिथली. त्या दोन्ही एकाच तबकडीवर दाखवणारे, किल्लीवर चालणारे प्रवासी घड्याळ ही माणसाच्या हातची मोठी सुंदर करामत आहे.

आधी वेळेचेच पाहू. आपल्या देशाची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर धरलेली आहे. डिचोली त्या रेषेच्या सुमारे साडेआठ अंश पश्चिमेस. एका अंशाला चार मिनिटे, या हिशेबाने घड्याळात बारा वाजतात तेव्हा डिचोलीच्या सूर्याचे सरासरी अकरा सव्वीसच झालेले असतात. म्हणून तर जुहरची वेळ आपल्याकडे साडेबाराच्या मागेपुढे लागते. मुंबईकर तर १९०६ साली प्रमाणवेळ आल्यावरही आपली ३९ मिनिटे मागची वेळ धरून बसले होते. ती १९५५ साली सुटली. सांगायचे इतकेच, की वेळ ही माणसांनी आपसांत केलेली तडजोड आहे.

आता यंत्राकडे वळू. साध्या घड्याळात मिनिटकाट्याचे बारा फेरे झाले की तासकाट्याचा एक होतो. प्रवासी घड्याळात आणखी एक काटा असतो, तो चोवीस तासांत एकच फेरा करतो. त्यामुळे घरी दुपारचे दोन वाजले आहेत की रात्रीचे, हेही कळते. आणि परदेशी असणाऱ्याला नेमके तेच कळायला हवे असते. ग्लायसीन कंपनीने १९५३ साली वैमानिकांसाठी चोवीस तासांच्या तबकडीचे घड्याळ काढले, आणि पुढे दोन-तीन वर्षांतच पॅन अमेरिकन या विमान कंपनीच्या वैमानिकांसाठी रोलेक्सचे आले. त्या पहिल्या रोलेक्समध्ये जादा काटा तासकाट्याशी बांधलेला असे, आणि काचेभोवतीचे आकड्यांचे कडे फिरवून दुसरी वेळ वाचायची. पुढे १९८०च्या दशकात तासकाटा सुटा झाला. किल्लीचा गुंडा ओढून फिरवला की तो टक् टक् करीत एकेक तास उडी घेतो, आणि मिनिटकाटा मात्र ढळत नाही. ही उडी म्हणजे आत बारा दात्यांचे एक चाक आणि त्यावर दाबून बसलेली बारीकशी कमान.

मात्र इथेच आपला अर्धा तास आडवा येतो. दुबई आणि मस्कत आपल्याहून दीड तास मागे, कुवेत अडीच. स्विस कारागिराच्या बारा दात्यांना अर्धा तास ठाऊक नाही! दोन्ही वेळांना मिनिटकाटा एकच, तेव्हा आपल्या माणसाला वाचलेल्या तासात तीस मिनिटे मनातल्या मनात मिळवावी लागतात. जुने कडे दोन आकड्यांच्या मधोमध ठेवता येत असे, म्हणून माझ्या मते भारतीयाच्या दृष्टीने तेच अधिक शहाणे होते.

माझा एक माजी विद्यार्थी पेडणे तालुक्यातला. दुबईत एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात रात्रपाळी करतो. त्याच्या अम्मीला मधुमेह; रात्रीच्या जेवणाआधी इन्सुलिन टोचून घ्यायचे ती विसरते, म्हणून हा रोज फोन करतो. जपानच्या सेको कंपनीने २०२२ साली मध्यम पगाराच्या माणसाला झेपेल असे दोन वेळांचे घड्याळ काढले, ते त्याने घेतले. मी म्हटले, “अरे, मोबाइलवर सगळ्या जगाची वेळ दिसते, मग हा खर्च कशाला?” तो म्हणाला, “सर, मोबाइल कपाटात ठेवून कामावर उभे राहावे लागते. आणि तिथे वेळ शोधावी लागते. इथे हात धुताना सहज दिसते, अम्मी आता चूल पेटवत असेल.”

मला हे उत्तर पटले. घड्याळाची प्रौढी मिरवणाऱ्यांचे मला कौतुक नाही, आणि बॅटरीवरचे स्वस्त घड्याळ याहून अचूक चालते हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तरीही असे यंत्र कानाशी धरून पाहावे. जुनी घड्याळे सेकंदाला पाच ठोके देत, आताची बरीचशी आठ देतात. म्हणजे तासाला २८,८००. १९६१ साली बंगळूरला जपानच्या सिटिझनच्या साह्याने एच.एम.टी.चा घड्याळ-कारखाना निघाला, तेव्हापासून दोन पिढ्यांनी रोज सकाळी किल्ली देण्याची सवय पाळली. २०१६ साली ते पर्व संपले.

मोप्याच्या विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ पासून विमाने सुटू लागली, आणि पेडण्याच्या पोरांना दाबोळीपर्यंतची पायपीट उरली नाही. जाणाऱ्यांपैकी कुणी असे घड्याळ घेतलेच, तर दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळात तारीख हाताने बदलू नये. त्या वेळी आतले दाते गुंतलेले असतात आणि मोडतात. आणि काही वर्षांनी एकदा ते उघडून, धुऊन, तेल घालून घ्यावे, तेही हे काम जाणणाऱ्या घड्याळजीकडूनच.