घटातील शक्ती आणि घरातील शक्ती
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



‘आपल्या उपासनेतील शक्ती’ हा विषय मंडळाने मला दिला आहे. विषय मोठा आणि शास्त्रार्थ करण्याचा माझा अधिकार नाही. परंतु घट बसविणाऱ्या, देवीची ओटी भरणाऱ्या आपण साऱ्याजणी आहोत. तेव्हा आपण जिची पूजा करतो ती शक्ती राहते कोठे, एवढाच प्रश्न आपल्यापुढे ठेवते.

आपल्या महाराष्ट्रात देवीची साडेतीन पीठे मानतात. कोल्हापूरची अंबाबाई, तुळजापूरची भवानी आणि माहूरची रेणुका ही तीन पूर्ण पीठे. वणीची सप्तशृंगी हे अर्धे. नवस बोलायला आणि फेडायला आपण तेथे जातो. म्हणून शक्ती म्हणजे गड चढून गेल्यावर भेटणारी वस्तू, अशी आपली समजूत होऊन बसते. ग्रंथ काय सांगतात ते मात्र वेगळे आहे.

नवरात्रात घरोघरी सप्तशतीचा पाठ होतो. मार्कंडेय पुराणातील हे १३ अध्याय आहेत. महिषासुरापुढे देव हतबल झाले, तेव्हा प्रत्येकाच्या अंगातून तेज बाहेर पडले आणि त्या एकवटलेल्या तेजाची देवी झाली, ही कथा आपणांस ठाऊकच आहे. परंतु ही कथा ऋषी कोणाला सांगतात, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही. एक राज्य गमावलेला सुरथ राजा आणि दुसरा समाधी नावाचा वैश्य. या वैश्याला त्याच्याच बायकामुलांनी धनाच्या लोभाने घराबाहेर काढलेले! देवीचे माहात्म्य प्रथम ऐकले ते अशा टाकलेल्या माणसांनी. पुढे पाचव्या अध्यायात देव तिची स्तुती करतात. ती सर्व प्राणिमात्रांच्या ठायी बुद्धी होऊन राहते, झोप होऊन, भूक होऊन, क्षमा, दया, आई होऊन राहते, असे म्हणतात. एवढेच काय, भ्रांतीही तीच! या यादीत कोणाला वगळलेले नाही.

योगमार्गही तेच सांगतो. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीचे वर्णन आहे. देहात निजलेल्या त्या शक्तीला ज्ञानेश्वरमहाराज जगदंबाच म्हणतात. ती अमक्याच्या देहात असते आणि तमक्याच्या देहात नसते, असे ते सांगत नाहीत.

येथवर कोणाचेच दुमत होणार नाही. अडचण उभी राहते ती हळदीकुंकवाच्या दिवशी. बोलावण्याची यादी करताना काही नावांपाशी आपली लेखणी थांबते. कालपर्यंत जी बाई पाटावर बसून ओटी घेत होती, ती पती गेल्यावर दाराआडून बघते. घट कसा बसवावा, माती किती घ्यावी, धान्य कसे पेरावे, माळ कशी बांधावी हे सारे सुनांना शिकविणारी सासू ऐन वेळी बाजूला होते. मी विचारते, तिच्यातील शक्ती त्या दिवशी कोठे गेली? पतीबरोबर ती जाते, असे सप्तशतीत नाही आणि ज्ञानेश्वरीतही नाही.

उलट दशमहाविद्यांमध्ये धूमावती ही विधवारूप देवी आहे. तिच्या हातात सूप असते. कावळा तिचे चिन्ह. संसारी माणसाने तिची उपासना जपून करावी असे सांगतात, हे खरे; पण विधवेला देवीच्या रूपांतून वगळावे असे तंत्रशास्त्राला वाटले नाही, हेही तितकेच खरे.

शारदादेवींचे उदाहरण तर अलीकडचे. १८७२ साली त्या दक्षिणेश्वरी आल्या आणि पुढे रामकृष्ण परमहंसांनी आपल्या या पत्नीला आसनावर बसवून तिची षोडशी देवी म्हणून पूजा केली. १८८६ साली रामकृष्ण गेले. हातातील बांगड्या शारदादेवींनी उतरविल्या नाहीत, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले आहे. पुढे १९२० पर्यंत त्या होत्या, आणि मोठमोठे संन्यासी त्यांना ‘मा’ म्हणून दंडवत घालीत.

आणि आपल्याकडेही हे घडले आहे. अंबाबाईच्याच कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातील हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ठराव केला की, पती गेल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद. त्याच महिन्यात शासनाने परिपत्रक काढून इतर गावांनाही हा कित्ता गिरविण्यास सांगितले. एका लहानशा गावाला जे सुचले, ते आपल्या मंडळाला जड जाऊ नये.

काही भगिनी म्हणतील, “त्यांनाच अवघडल्यासारखे होते, मग कशाला?” हे अवघडलेपण खरे आहे, पण ते आपणच वर्षानुवर्षे त्यांच्या अंगी लावले आहे. म्हणून जबरदस्ती नको. ज्यांना कुंकू नको असेल त्यांना हळद, फूल, अत्तर द्यावे. तेही नको असेल तर नुसते शेजारी बसवावे. पण बोलावणे मात्र सर्वांना सारखेच जावे आणि ते दोघींनी घरी जाऊन, तोंडी करावे. “चालेल का?” असे संकोचून न विचारता “तुम्ही यायलाच हवे” असे म्हणावे. वडीलधाऱ्यांना कोपाची भीती वाटत असेल, तर त्यांच्याशी वाद न घालता पाचव्या अध्यायाचा अर्थ त्यांच्याबरोबर बसून वाचावा.

घटात पेरलेले धान्य कोणाच्या हाताने पेरले हे विचारून उगवत नाही. ओल मिळाली की उगवते. येत्या नवरात्राची यादी करताना हे स्मरणात ठेवावे, एवढी माझी विनंती आहे. मंडळाच्या बैठकीत यावर मोकळेपणाने चर्चा व्हावी, विरोधी मतही ऐकावे आणि मग निर्णय करावा.