सोन्याचा कण स्वतःलाच आवळतो तेव्हा

आज थेट मुद्द्यावर येतो. ४ नॅनोमीटर व्यासाचा सोन्याचा एक कण घ्या. त्यात जेमतेम २,००० अणू. त्याला कुणी दाबत नाहीये, नुसता पडलाय. तरी त्याच्या आत साधारण १२,००० वातावरणांइतका दाब असतो. मारियाना गर्तेच्या तळाशी हाच आकडा १,१०० च्या आसपास आहे, म्हणजे बघा.

येतो कुठून हा दाब? सोन्याच्या आतल्या अणूला १२ शेजारी असतात. पृष्ठभागावरच्याला ९ किंवा ८, कडेला आणि कोपऱ्यात आणखी कमी. शेजारी कमी झाले की उरलेले बंध जास्त घट्ट होतात, आणि वरच्या थराला आकसावंसं वाटतं. पण खालची जाळी त्याला हलू देत नाही. मग होतं काय, मापाला लहान झालेला टी-शर्ट घातल्यासारखं. कापड ताणलेलं आणि आतलं अंग आवळलेलं. ह्या कापडातल्या ताणाला म्हणतात सरफेस स्ट्रेस.

शाळेतला पृष्ठताण तो हाच का? पाण्यात हो, घन पदार्थात नाही. पाण्याचा पृष्ठभाग ताणला की आतले रेणू वर येऊन जागा भरतात. धातूत अणू असे सरकत नाहीत, आहेत तेच ताणले जातात. त्यामुळे नवा पृष्ठभाग तयार करण्याचा खर्च वेगळा आणि आहे तो ताणण्याचा वेगळा. शटलवर्थ यांनी १९५० मध्ये हा फरक नीट मांडला.

आता गणित. दाब म्हणजे सरफेस स्ट्रेसची दुप्पट भागिले त्रिज्या. बस, एवढंच. सोन्यासाठी स्ट्रेस धरा १.२ न्यूटन प्रति मीटर. १९६८ मध्ये मेस, वर्माक आणि कुलमान-विल्सडॉर्फ यांनी बारीक कणांची जाळी किती आकसलीय ते इलेक्ट्रॉन विवर्तनाने मोजून साधारण हाच आकडा काढला होता. २ सेंटिमीटर त्रिज्येच्या गोळ्यात दाब येतो १२० पास्कल. हवेचाच दाब लाखभर पास्कल, तेव्हा त्याला कोण विचारतो! त्रिज्या २ नॅनोमीटर केली की तोच दाब कोटीपट. अणूंमधलं अंतर त्याने पाव टक्क्याहून जरा कमीच घटतं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या, कारण सगळे इथेच गडबडतात. स्ट्रेस वाढला नाही, त्रिज्या घटली. अर्थात कण अजून लहान केला, की कडा आणि कोपरेच इतके होतात की एकच आकडा सगळ्या पृष्ठभागाला लावणं चुकीचं ठरतं. वर रेणूंचा लेप असेल तर स्ट्रेसही बदलतो.

पाव टक्क्याने फरक काय पडतो म्हणाल, तर फ्युएल सेल बघा. त्यात प्लॅटिनमचे कण असतात, आणि प्लॅटिनम ऑक्सिजनला गरजेपेक्षा जरा घट्टच धरून ठेवतं. जाळी थोडी आवळली की ही पकड सैल होते आणि अभिक्रिया वेगाने होते. मग कण लहानच करत जायचं? तसं नाही जमत. कोपऱ्यातले अणू ऑक्सिजन आणखी घट्ट धरतात, म्हणजे एका हाताने कमावलेलं दुसऱ्या हाताने गेलं. म्हणून टोयोटाच्या मिराय गाडीत प्लॅटिनमबरोबर कोबाल्ट वापरलंय. कोबाल्टचा अणू लहान, त्यामुळे जाळी आवळली जाते, आणि त्यासाठी कण फार बारीक करावा लागत नाही.