कलश चढल्यानंतर
(कलशारोहण समारंभात केलेले भाषण)



समितीने मला दोन शब्द बोलण्यास सांगितले आहे. जन्मभर शाळेत शिकविलेल्या माणसाला असे सांगणे धोक्याचेच. तरी आवरते घेतो.

आज कलश चढला, सर्वांची मने भरून आली. मला काळजी आहे ती पुढच्या पावसाळ्याची. कलशासाठी नावे पटापट आली. मंडपामागच्या मोरीसाठी अद्याप एकही आलेले नाही. मोरीवर संगमरवरी पाटी बसत नाही, हे त्याचे कारण असावे!

समारंभाचा उत्साह चार दिवसांचा. मग माणूस वर्षानुवर्षे टिकतो कशावर? याचे उत्तर शोधायला लांब जावे लागत नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग हे इलिनॉय विद्यापीठाचे डॉक्टरेट, मुंबईत हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात मोठ्या हुद्द्यावर. ती नोकरी सोडून १९८३ साली, पंचावन्नाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, पत्नी मीराताईंसह ते आपल्या या कोरडवाहू गावी आले आणि त्यांनी विज्ञान आश्रम उभा केला. २००३ साली त्यांचे निधन झाले. म्हणजे वीस वर्षे!

लोक याला त्याग म्हणतात. मला तो शब्द पटत नाही. नुसत्या त्यागाने माणूस थकतो, कुरकुरतो. कलबागांची खात्री होती की, मूल हाताने काम करताना खरे शिकते. शाळेत मागे पडलेला मुलगा निर्बुद्ध नसतो, त्याला शिकण्याची त्याची रीत मिळालेली नसते. म्हणून आश्रमात वर्षभर वेल्डिंग, बांधकाम, शेती, पशुपालन, वीजजोडणी, आरोग्य सारे एकत्र शिकवीत. मुलांनी केलेली वस्तू गावात विकली जाई, कामाचे दाम घेतले जाई. गिऱ्हाईक पैसे मोजते तेव्हा काम नीट उतरावेच लागते. तिथे शाबासकीवर भागत नाही. या माणसाला रोज सकाळी उठण्यासाठी हारतुऱ्यांची गरज पडली नाही, कारण आपल्याला जे खरे वाटते तेच तो दिवसभर करीत होता. पुढे २००२ साली संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची फॅब लॅब याच माळावर आली. तीही आमच्या मुलांच्या हाती पडावी म्हणूनच.

मी मात्र अनेक वर्षे वेतनवाढीची तारीख पाहत शिकविले. त्या वर्षांतले फारसे काही आठवत नाही. ज्या एका वर्षी मुलांना घेऊन शाळेची बाग केली, ते वर्ष मात्र झाडांच्या नावांसकट आठवते.

असो. मोरीच्या खात्यात पाचशे एक रुपये माझे लिहून घ्यावेत. नाव कुठेही लावू नये. रविवारी सकाळी सात वाजता घमेले घेऊन मी येतो. गुडघे दुखतात, त्यामुळे फावडे मात्र कुणीतरी तरुणाने आणावे.